नंबर एक कोणी मोजला तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत हल्ली 'या आठवड्याची टॉप १० गाणी' अशी चौकट येते ना, तिच्याबद्दल लिहायचं होतं, दोन-तीन आठवडे नुसतंच राहून जात होतं. मागच्या रविवारी पोहे-जलेबी खाता खाता मी ती चौकट मोठ्याने वाचली, घरात आम्ही पाच जण, आणि दहापैकी एकही गाणं असं निघालं नाही जे पाचही जणांना माहीत आहे. सुनेला तीन माहीत, मुलाला दोन, ह्यांना शून्य (ह्यांना तसं शेजाऱ्यांचं नावही माहीत नसतं, ते सोडा), मला एक, तेही कारण खालच्या फ्लॅटमध्ये लग्न होतं म्हणून. आणि नात, वय सोळा, मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, आजी हे सगळं मागच्या महिन्यातलं आहे, आता कोणी ऐकत नाही. मग मला सांगा हे टॉप आहे कोणाचं?

'आमच्या काळी' छाप पत्र लिहायचं नाही असं ठरवून बसलेय, पण थोडं येणारच, चालवून घ्या.

आमचं माहेर इथलंच, इंदूरचं, रामबागेतलं. मर्फीचा रेडिओ, त्यावर आईने विणलेलं कव्हर, आणि बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमाला, फिल्मी गाण्यांच्या क्रमवारीचा कार्यक्रम. रेडिओ सिलोन लागायचं शॉर्टवेव्हवर, आवाज जवळ यायचा लांब जायचा, आणि नेमकं वरच्या पायदानाच्या (म्हणजे वरच्या नंबराच्या) वेळी खरखर सुरू, की दादा रेडिओ उचलून खिडकीकडे धावायचा. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. त्याने एक लांबट हिशेबाची वही केली होती, डावीकडे तारीख, पुढे सोळा ओळी, वर गेलेल्या गाण्यापुढे वरचा बाण, घसरलेल्यापुढे खालचा, आणि खूप आठवडे टिकलेल्या गाण्याला बिगुल वाजवून 'सरताज' करायचे, ते लाल शाईने. दुसऱ्या दिवशी शाळेत भांडणं. कसं काय हे गाणं चौथ्यावरून नवव्यावर आणलं, त्या निवेदकाला, अमीन सयानीला, काही कळतं का वगैरे. म्हणजे यादी पटायचीच असं नाही, पण ती सगळ्यांना एकाच वेळी कळायची, म्हणून भांडता तरी यायचं.

मी बसून जरा वाचलं याबद्दल. गीतमाला सुरू झाली ३ डिसेंबर १९५२ ला, आणि इंग्लंडमधला पहिला रेकॉर्ड-विक्रीचा चार्ट एका संगीत साप्ताहिकाने छापला १४ नोव्हेंबर १९५२ ला, म्हणजे फक्त एकोणीस दिवस आधी! त्यांनी काय केलं होतं तर वीसेक रेकॉर्डच्या दुकानांना फोन लावून विचारलं की बाबा या आठवड्यात काय खपलं, आणि आकडे जुळवून यादी छापली. आपल्याकडे तर सुरुवातीला हिट परेड नव्हतीच, सात गाणी वाजवायची आणि क्रम श्रोत्यांनी लावून पाठवायचा, पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली म्हणतात. क्रमवारी नंतर आली, त्यात मग रेकॉर्डची विक्री धरायचे आणि गावोगावच्या श्रोता संघांची पत्रंसुद्धा. आणि हे सगळं सिलोनला गेलंच का, तर आपले केसकरसाहेब, बा. वि. केसकर, चांगले मराठी गृहस्थ, नभोवाणी मंत्री झाले आणि फिल्मी गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपारच झाली. लोकांनी सुई फिरवली आणि सिलोन लावलं, झालं. विविध भारती यायला ऑक्टोबर १९५७ उजाडलं.

तेव्हा सगळं स्वच्छ होतं असं माझं म्हणणं बिलकुल नाही. रेकॉर्ड कोणीही गठ्ठ्याने विकत घेऊ शकतो, पत्रं कोणीही बसून लिहू शकतो, फर्माईशीची पत्रं पाठवून पाठवून झुमरी तलैया गावाचं नाव काय उगाच देशभर झालं का. अमेरिकेत तर १९५९ च्या सुमारास गाणी वाजवायला रेडिओवाले पैसे खातात म्हणून मोठी चौकशी झाली होती. पण निदान आम्हाला माहीत होतं की काय मोजतायत. रेकॉर्ड आणि पत्रं. दोनच गोष्टी.

आता काय मोजतायत ते मला कोणी समजावून सांगेल का? नातीला विचारलं तर तिने सांगितलं की स्पॉटिफायवर तीस सेकंद गाणं वाजलं की एकदा ऐकलं असं धरतात. तीस सेकंद म्हणजे आमच्या वेळच्या गाण्यात मुखडापण सुरू व्हायचा नाही, सतारच चाललेली असायची. बरं, वाजलं म्हणजे ऐकलं का? आमचे हे रात्री भजन लावून झोपतात, फोन उशाशी, ते एक संपलं की दुसरं आपोआप लागतं, पहाटे पाचला मी उठून बंद करते तेव्हा कुठलं तरी तिसऱ्याच भाषेतलं गाणं चाललेलं असतं. ते सगळं मोजलं जात असणार ना कुठेतरी? यूट्यूबवरची ती टी-सीरिजची हनुमान चालीसा, हरिहरनच्या आवाजातली, तिला तीनशे कोटींच्या वर व्ह्यूज आहेत, कधीच ओलांडले, आणि का ते मला आमच्या बिल्डिंगमध्येच दिसतं, चार घरांत सकाळी तीच लावलेली असते, लोक आंघोळीला गेलेले असतात. तुमच्या टॉप १० मध्ये ती मी कधी पाहिली नाही. असावी असंही नाही म्हणत मी, फक्त मग आकड्याचा अर्थ काय ते सांगा.

आणि वाजण्याचाच हिशेब करायचा तर इंदूरचं सगळ्यात जास्त वाजणारं गाणं म्हणजे कचरा गाडीचं, यात कोणाचं दुमत असूच शकत नाही. २०१७ पासून आपण स्वच्छतेत नंबर वन येऊन राहिलोय, आणि रोज सकाळी पिवळी गाडी गल्लीत शिरली की नंबर वनचंच गाणं, ओला-सुका हातात घेऊन मी जिन्यात आणि ते गाणं कानात, वर्षानुवर्षं. मला ते आख्खं पाठ आहे. मी ते कधीही, एकदाही, स्वतःहून लावलेलं नाही.

आकडे विकतही मिळायचे, ही काही ऐकीव गोष्ट नाही. २०१९ मध्ये रॅपर बादशाहच्या एका गाण्याला चोवीस तासांत साडेसात कोटी व्ह्यूज झाले म्हणून जगातला विक्रम असा गाजावाजा झाला, पण यूट्यूबने काही तो विक्रम म्हणून जाहीर केला नाही, आणि मग त्याच वर्षी सप्टेंबरात सांगून टाकलं की जाहिरातीतून आलेले व्ह्यूज यापुढे म्युझिक चार्टमध्ये आणि विक्रमात धरणार नाही. म्हणजे तोवर धरत होते! मोठ्या चार्टांचंही तसंच आहे, त्यांना दर थोड्या वर्षांनी नियम बदलावे लागतात. २०१७ मध्ये एड शीरनचा अल्बम आला तर त्यातली सोळा गाणी एकदम इंग्लंडच्या पहिल्या वीसमध्ये, मग नियम केला की एका मुख्य कलाकाराची तीनच. अमेरिकेत २०२२ मध्ये टेलर स्विफ्टने पहिल्या दहाच्या दहा जागा घेतल्या. आता हे लोकांना गाणी आवडली म्हणून झालं का नवीन अल्बम आला म्हणून सगळ्यांनी पहिल्या दिवशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावला म्हणून झालं? यादीला त्यातला फरक कळत नाही, दुकानदाराला कळला असता, कारण गिऱ्हाईक एकच रेकॉर्ड मागायचं.

इथपर्यंत लिहून मी नातीला वाचून दाखवलं तर ती भडकली. तिचं म्हणणं चार्टला महत्त्व नाही असं कोण म्हणतं. ती बीटीएसवाली आहे, म्हणजे त्या कोरियन बँडची चाहती. २०२० मध्ये त्यांचं डायनामाइट अमेरिकेच्या बिलबोर्ड चार्टवर थेट पहिल्या नंबरावर आलं तेव्हा ही अकराएक वर्षांची होती आणि घरात नाचली होती ते मला आठवतंय, लॉकडाऊन होता, आम्हाला वाटलं परीक्षा रद्द झाली. तिच्या ग्रुपवर नवीन गाणं यायच्या आधी सूचना येतात, मी स्वतः वाचल्या: आवाज म्यूट करू नका, एकच गाणं लूपवर टाकू नका नाहीतर मोजणार नाहीत, मध्ये दुसरी दोन गाणी लावा, झोपताना चार्जर लावून ठेवा. अगदी निवडणुकीत बूथवर माणसं बसवतात तसं. मी म्हटलं अगं पण मग गाणं ऐकतेस कधी? तर म्हणे ते नंतर, आधी पहिला आठवडा निघू दे. आता हिला चार्ट महत्त्वाचा आहे हे मान्यच करावं लागेल, पण हा मॅच बघण्यातला प्रकार झाला, आणि आपली टीम जिंकावी म्हणून ती बिचारी रात्री दोनला अलार्म लावून उठते. दादाने वही लिहिली पण नंबर हलवायला कधी उठला नाही. पोस्टकार्ड पाठवायची होती म्हणा त्याला, आईने पैसे दिले नाहीत.

बाकी माणसांचं काय? गाणं चाललंय हे आम्हाला दुसरीकडूनच कळतं. गुलाबी साडी, जळगावकडच्या संजू राठोडचं, २०२४ चं, ते मला कुठल्या यादीतून नाही कळलं, सीतलामाता बाजारात कळलं, दुकानदार प्रत्येक बाईपुढे न विचारता गुलाबी साड्यांचा ढीग टाकत होता आणि म्हणत होता, भाभीजी, गाने वाली देख लो. नंतर ते न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर झळकलं म्हणतात, झळकू दे, सीतलामाता बाजारात आधी झळकलं होतं. तसंच रंगपंचमीच्या गेरीत (मिरवणुकीत) राजवाड्यापाशी कुठल्या गाण्याला पब्लिक उड्या मारतं ते बघा, त्या वर्षीचं काय ते तिथे कळतं, त्याला आकडा लागत नाही.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत एक संध्याकाळ कराओकेची असते. इंदूरला आता कराओके क्लब इतके झालेत की गाणारे जास्त आणि ऐकणारे कमी. तिथे आम्ही शेवेच्या रिकाम्या डब्याला भोक पाडून फर्माईशीच्या चिठ्ठ्या घेतो. गेल्या वर्षी डबा मी उघडला. लताबाईंच्या जुन्या गाण्यांच्या सगळ्यात जास्त (जन्म इंदूरचा, सिख मोहल्ल्यातला, २८ सप्टेंबर १९२९, हे सांगितल्याशिवाय इंदूरकर पत्र संपवत नाही), मग किशोरकुमार, तो पण खंडव्याचा आणि इथल्या ख्रिश्चन कॉलेजचा, मग मुलांची एक-दोन नवीन. एका चिठ्ठीवर कोणीतरी कचरा गाडीचं गाणं लिहिलं होतं. ते म्हटलं, आणि सगळ्यांनी कोरसमध्ये म्हटलं, एकालाही शब्द बघावे लागले नाहीत.

तर संपादकसाहेब, चौकट बंद करा असं मी म्हणत नाही, मी ती वाचते आणि वाचत राहीन. फक्त तिच्या खाली बारीक अक्षरात दोन ओळी टाका: ही यादी कुठल्या ॲपची, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतची, देशाची का महाराष्ट्राची, आणि जाहिरातीतून आलेले आकडे वगळलेत का नाही. पावसाचे आकडे देताना तुम्ही कुठल्या केंद्रावर मोजला ते छापता ना. आणि जमलं तर मराठी गाण्यांची वेगळी द्या, आम्हा महाराष्ट्राबाहेरच्यांना तेवढंच.

एक शेवटचं, हे वाचकांसाठी छापता आलं तर बघा. दादाची वही यंदा दिवाळीच्या साफसफाईत सापडली, कडा वाळवीने खाल्ल्यात पण आतलं सगळं शाबूत. त्यात एका पानावर ६ ऑगस्ट १९७५, बुधवार, एवढी तारीखच आहे आणि सोळा ओळी कोऱ्या. दादाला फोन करून विचारलं, तो आता पुण्याला मुलाकडे असतो. त्याला लगेच आठवलं. त्या दिवशी पाऊस होता, संध्याकाळपासून लाईट नव्हती, शेजाऱ्यांच्या ट्रान्झिस्टरचे सेल संपलेले, तो भिजत चौकातल्या पानवाल्याकडे गेला तर दुकान बंद. मला म्हणाला, कोणाकडे त्या बुधवारची यादी लिहिलेली असेल तर बघ ना.

आपली एक जुनी वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर