करारावर सही करण्याआधी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

मालिकेतल्या सुनेच्या भूमिकेसाठी दिलेल्या लूक टेस्टचे फोटो मिळाले. काठापदराची साडी तुला शोभते. नथ मात्र जड दिसतेय, असं आजीचं मत. मामीने नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकलेसुद्धा, त्यामुळे बातमी लपवायचा प्रश्नच उरला नाही.

फोनवर तू म्हणालीस, मालिका चालली की घराघरांत ओळख होते. होते गं. पण ती कोणाची होते, तुझी की त्या सुनेची?

१९८५ साली दूरदर्शनवर बासू चॅटर्जींची 'रजनी' लागायची. प्रिया तेंडुलकर गॅसवाल्याशी, टॅक्सीवाल्याशी, कुणाकुणाशी भांडायची आणि आम्ही शाळकरी पोरी डोळे विस्फारून बघायचो. टॅक्सीचा भाग दाखवल्यावर मुंबईचे टॅक्सीचालक इतके बिथरले, की दूरदर्शनवर निषेध करायला गेले. नटीने लिहून दिलेली वाक्यं म्हटली होती, एवढंच! पण लोकांच्या लेखी ती रजनीच.

विजय तेंडुलकरांची ही लेक त्याआधी काही रिकामी बसली नव्हती. 'हयवदन' नाटकातली बाहुली, मग 'अंकुर' चित्रपटात अनंत नागची बायको, मधल्या काळात हॉटेलात रिसेप्शनिस्ट, हवाई सुंदरी, वृत्तनिवेदिका, शिवाय मराठी चित्रपट. यातलं आज कोणाला आठवतं? रजनी आठवते. मला तिचं कौतुक वाटतं ते पुढच्यासाठी. ती मराठीत कथा लिहीत राहिली आणि नव्वदच्या दशकात स्वतःच्या नावाचा टॉक शो केला. २००२ मध्ये गेली तेव्हा ४७ वर्षांची होती. पण तोवर लोकांना रजनीपलीकडची प्रियाही कळली होती.

आणि 'रजनी' तर आठवड्यातून एकदा लागायची. तुझं काम रोजचं. बारा-बारा तास शूटिंग, आधी शूट करून ठेवलेल्या भागांची बँक संपली की सीन सेटवरच हातात, गुरुवारी टीआरपी आला की कथेचा ट्रॅक बदलला. परवा तूच सांगत होतीस ना, लीप घेतला, म्हणजे कथा एकदम काही वर्षं पुढे नेली, की पंचविशीतल्या मुलीला कॉलेजात जाणाऱ्या पोराची आई करतात म्हणून? मला हसू आलं होतं, आता येत नाही.

तू म्हणशील, रोहिणी हट्टंगडींनी नाही का केली मालिका? 'चार दिवस सासूचे' २००१ ला सुरू झाली आणि तीन हजारांवर भाग चालली. पण त्यातली आशालता करणाऱ्या रोहिणीबाईंच्या पाठीशी राष्ट्रीय नाट्य विद्यालयातलं शिक्षण होतं, 'गांधी'तली कस्तुरबा होती, बाफ्टा पुरस्कार होता. मालिका कितीही लांबली तरी बाईंचं नाव पुसलं जाणं शक्य नव्हतं. तुझ्या पाठीशी अजून दोन एकांकिका आणि एक जाहिरात आहे. रागावू नकोस, हिशेब मांडतेय.

तेव्हा मालिका कर, जरूर कर. नको म्हणणारी मी नाही, पगार सुरू होणार याचा आनंद तर बाबांना माझ्यापेक्षा जास्त आहे. पण करारात दुसरीकडे काम करायचं नाही असं कलम आहे, ते तसंच्या तसं मान्य करू नकोस. नाटकाला मुभा मागून घे, आणि महिन्यातले दोन रविवार प्रयोगांसाठी मोकळे असतील असं लेखी घे. तोंडी 'बघू, अ‍ॅडजस्ट करू' म्हणतात त्याला सेटवर काही किंमत नसते, हे तुझ्याच सीनियर मैत्रिणीने मला सांगितलं. मानधनही ९० दिवसांनी हातात पडणार, म्हणजे पहिले तीन महिने घोडबंदरच्या खोलीचं भाडं आपल्यालाच भरायचंय. ते मी पाठवते, त्याची काळजी तू करू नकोस.

बाबांच्या ओळखीचे एक वकील शनिवारी कागद बघून देतो म्हणालेत. तोवर प्रॉडक्शनवाले कितीही घाई करोत, सही करू नकोस. सगळी पानं नीट स्कॅन करून पाठव, मागच्या वेळेसारखे अंधारात काढलेले फोटो नकोत.

तुझी,
आई