ना-देय दाखल्यावर एक रकाना वाढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्याला त्याला १ जून ही जन्मतारीख देऊन टाकली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे हा अख्ख्या महाराष्ट्रात शाल-श्रीफळाचा दिवस झाला आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या एका निमशासकीय कार्यालयाचा संगणक विभाग सांभाळतो. १९९२ साली टंकलेखक म्हणून लागलो, पुढे ‘कॉम्प्युटरचं यालाच कळतं’ म्हणून सर्व्हरही माझ्याच गळ्यात पडला. माझ्या लेखी ३१ मे म्हणजे एका दिवसात आठ-दहा मेलबॉक्स बेवारस होण्याचा दिवस.

निवृत्त होणाऱ्याला ना-देय दाखला घ्यावा लागतो. त्यावर भांडार, ग्रंथालय, पतसंस्था, उपाहारगृह अशा सगळ्यांच्या सह्या लागतात. भांडारवाले दोनशे रुपयांच्या कॅल्क्युलेटरसाठी माणसाला तीन चकरा मारायला लावतात. पण संगणक विभागाचा रकाना त्या कागदावर नाही. दहा-पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार ज्या मेलमध्ये आहे, त्याचे काय करायचे हे कोणीच कोणाला विचारत नाही. माणूस गेल्याचे मला कळते ते बहुधा पेढ्यांवरून.

गेल्या वर्षी सर्व्हरची डिस्क भरत आली तेव्हा मी मोजदाद केली. मेल आयडी असलेले कर्मचारी हजेरीपटावर २१२. सर्व्हरवर मेलबॉक्स ३४७. पदनामाचे, विभागाचे, सभागृह आरक्षणाचे असे ६१ वजा केले, तरी ७४ उरले. हे ७४ जण निवृत्त झालेले, बदलून गेलेले, सोडून गेलेले आणि काही वारलेले. मेल मात्र सगळ्यांना येत होते. एका निवृत्त वरिष्ठ लिपिकांच्या नावाने तर पत्रे बाहेरही जात होती. त्यांच्या जागी आलेल्या मुलाला पासवर्ड डायरीत लिहून मिळाला होता आणि तो निमूटपणे त्याच आयडीवरून काम करत होता. गृहस्थ तिकडे तासगावला द्राक्षबागेत औषध फवारतायत आणि इकडे त्यांच्या नावाने स्मरणपत्र क्रमांक दोन रवाना होतेय!

बेवारस मेलबॉक्स दोन तऱ्हेचे असतात. एकात माणूस गेलेला असतो, पण खाते चालू असते. दुसऱ्यात खाते पुसलेले असते आणि मेलबॉक्स मागे लोंबकळत राहतो. आमच्याकडे मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज हा मेल सर्व्हर आहे. त्यात दुसऱ्या तऱ्हेचे मेलबॉक्स कंपनीने ठरवलेल्या मुदतीप्रमाणे ३० दिवस राखून ठेवले जातात आणि मग सर्व्हर ते स्वतःच कायमचे पुसतो. म्हणजे पहिल्या तऱ्हेचे वर्षानुवर्षे राहतात आणि दुसऱ्या तऱ्हेचे महिन्यात नाहीसे होतात. दोन्हीकडे घोटाळाच.

या तीस दिवसांचा अनुभव मला २०२१ मध्ये आला. लेखा विभागातले आमचे एक सहकारी त्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. आस्थापना शाखेने ‘नाव कमी करावे’ अशी टिपणी पाठवली आणि माझ्या हाताखालच्या मुलाने खातेच पुसून टाकले. मेलबॉक्स नुसता खात्यापासून तोडता येतो, त्यासाठी खाते पुसावे लागत नाही. पण या दोन आज्ञांमधला फरक घाईत कोणाच्या लक्षात येतो? पुढच्या महिन्यात वहिनींचा फोन आला. “भावजी, विम्याच्या हप्त्याची पावती ह्यांच्या ऑफिसच्या मेलवर येत होती. एजंट म्हणतो, ती द्या.” मी तारखा मोजल्या. सत्ताविसावा दिवस होता.

नवे रिकामे खाते उघडून तो मेलबॉक्स त्याला जोडायला मला दहा मिनिटेही लागली नाहीत. अडचण पुढे होती. मेल कार्यालयाचा, आतले कागद एका माणसाचे आणि गरज त्याच्या बायकोची. साहेब तोंडी म्हणाले, “बघून देऊन टाका.” मी म्हटले, लेखी द्या. साहेबांना राग आला, पण त्यांनी दिले. मग लेखाधिकाऱ्यांना शेजारी बसवून विम्याच्या नावाने शोध घेतला, चार पावत्या छापल्या, लखोट्यात घातल्या आणि पोच घेतली. शोधाच्या यादीत एक मसुदाही दिसला, साहेबांच्याच नावाचा आणि न पाठवलेला. तो मी उघडला नाही. त्यात काय होते हे मला माहीत नाही, आणि ते माहीत असण्याचा मला अधिकारही नव्हता. पण तीन दिवस उशीर झाला असता तर पावत्यांसाठी बॅकअपच्या टेपा उकरत बसावे लागले असते, आणि त्या वेळचा आमचा बॅकअप कसा होता हे मी इथे लिहीत नाही.

त्यामुळे गेल्या वर्षी वरून आदेश आला की “ते ७४ एका दिवसात उडवा, जागा करा”, तेव्हा मी आठवडाभर मागून घेतला. एकेका मेलबॉक्समध्ये शेवटचे मेल कोणाकडून आले एवढेच पाहिले, आतला मजकूर वाचला नाही. एका निवृत्त लेखापालांच्या आयडीवर आयकर खात्याची पत्रे येऊन पडली होती. टीडीएसच्या, म्हणजे मुळातून कापलेल्या कराच्या, पोर्टलवर कार्यालयाचा संपर्क म्हणून त्यांचाच मेल नोंदलेला होता, तो कोणी बदललाच नव्हता. तिमाही विवरणपत्र उशिरा भरले तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २३४ई प्रमाणे दिवसाला २०० रुपये शुल्क लागायचे. आमच्या एका तिमाहीचे दिवस तसे चढत होते आणि सूचना एका माणूस नसलेल्या पेटीत जमा होत होत्या. आदेशाप्रमाणे मी तो मेलबॉक्स उडवला असता तर सूचना परत गेल्या असत्या, शुल्क मात्र थांबले नसते.

आणि ज्या जागेसाठी ही घाई चालली होती, ती जागा अशी मिळतही नाही. चाळीतल्या चार खोल्या रिकाम्या झाल्या म्हणून चाळ लहान होत नाही. मेलबॉक्स पुसले तरी डेटाबेसची फाइल डिस्कवर होती तेवढीच राहते. आत पोकळी तयार होते, तिच्यात नवे मेल मावतात. फाइल खरोखर लहान करायची तर डेटाबेस बंद ठेवून ती नव्याने रचावी लागते, आणि त्या कामाला तेवढीच मोकळी डिस्क आधी हाताशी लागते! नाहीतर नवा डेटाबेस काढून जिवंत मेलबॉक्स तिकडे हलवायचे आणि जुना मोडीत काढायचा. आम्ही हे दुसरे केले. दोन शनिवार-रविवार गेले.

मग राहू द्या की ते मेलबॉक्स, कोणाचे काय बिघडते, असेही काही जण म्हणतात. मे २०२१ मध्ये अमेरिकेत कलोनिअल पाइपलाइन ही इंधनवाहिनी बंद पडली, कारण हल्लेखोर एका वापरात नसलेल्या जुन्या खात्यातून आत शिरले होते. त्या खात्याला पासवर्डखेरीज दुसरी तपासणी नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये तर मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केले की त्यांच्या एका जुन्या चाचणी खात्यातून घुसखोर थेट वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मेलपर्यंत पोहोचले. ज्यांचा सर्व्हर आम्ही वापरतो त्यांची ही गत, मग आमच्या डायरीतल्या पासवर्डची काय कथा?

पण सरसकट पुसणे हा उपाय नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ मध्ये ‘माहिती’ची व्याख्या करताना ई-मेलचा उल्लेख नावाने केलेला आहे. उद्या कोणी २०१८ च्या निविदेचा पत्रव्यवहार मागितला, तर “ते साहेब निवृत्त झाले, मेल उडवले” हे उत्तर चालेल असे मला वाटत नाही. कागदाच्या फाइलला आपण अ, ब, क, ड वर्ग लावतो आणि ती किती वर्षे जपायची ते ठरवतो. तोच मजकूर मेलमध्ये असला की त्याचे भवितव्य डिस्कच्या जागेवर ठरते, हे मला पटत नाही.

माझे मागणे मोठे नाही. ना-देय दाखल्यावर संगणक विभागाचा एक रकाना असावा. त्यात निवृत्त होणाऱ्याने स्वतः लिहावे, कार्यालयीन पत्रव्यवहार कोणाच्या स्वाधीन केला, कुठल्या पोर्टलवर आपला मेल नोंदलेला आहे, खासगी कागद काढून घेतले की नाही. त्याच संध्याकाळी खाते बंद करावे, खाली विभागप्रमुखाची सही असावी आणि मेलबॉक्स कायमचा पुसण्याची तारीख त्याच कागदावर पडावी. माणूस अचानक गेला असेल तर हा कागद विभागप्रमुखाने भरावा. आणि बँक, आयकर, भविष्य निर्वाह निधी अशा ठिकाणी माणसाच्या नावाचा मेल देणे बंद करून पदनामाचा द्यावा. लेखापाल बदलतात, लेखापालाची खुर्ची तिथेच राहते. याला ना नवे सॉफ्टवेअर लागते, ना निधी. छापखान्यात अर्जाचा नमुना बदलावा लागेल एवढेच. हा प्रस्ताव मी दोनदा सादर केला. दोन्ही वेळा ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून तो परत आला.

जाता जाता एक सांगायचे राहिले. माझ्याही गुरुजींनी १ जूनच लिहिली आहे. येत्या ३१ मे रोजी बंद करायच्या आयडींची यादी मीच तयार केली आहे, तिच्यात नववे नाव माझे आहे. भांडाराची आणि पतसंस्थेची सही झाली. उपाहारगृहाचे सव्वाशे रुपये निघतात म्हणे, ते उद्या भरतो. सर्व्हरच्या मुख्य पासवर्डचा लखोटा बंद करून ठेवला आहे. तो कोणाच्या हाती द्यायचा, हे मात्र अजून कोणी सांगितलेले नाही.

आपला,
एक वाचक, जि. सांगली
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)