खारकेच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

काल सकाळी आमच्या गिनी पिगचं, खारकेचं, वजन ७९० ग्रॅम भरलं. तुमच्या वहीत आकडा लिहिला आणि हे पत्र लिहायला बसले. वजन पहिल्यासारखं होऊन आठवडाभर टिकलं की मगच सुटलो म्हणायचं, असं तुम्ही बजावलं होतंत. टिकलंय, काका.

सगळ्यांना वाचता येईल असं पत्र लिहितेय म्हणून तुम्हाला संकोच वाटेल, त्यासाठी तुमचं नाव घालत नाही. पण त्या पहाटे मला जे माहीत नव्हतं ते आणखी कुणाला तरी माहीत नसेल, आणि प्रत्येकाच्या शेजारच्या इमारतीत तुमच्यासारखा माणूस असेलच असं नाही.

खारीक मार्चमध्ये आमच्याकडे आली. समोरचं बिऱ्हाड हललं आणि गच्चीवर पिंजरा तसाच राहिला, आत दोन गिनी पिग. दोघी माद्या आहेत असं वॉचमनला सांगून ते लोक गेले होते. दुसरा नर आहे हे तुम्हीच तिसऱ्या दिवशी उचलून पाहून सांगितलंत, आणि त्याच संध्याकाळी तो पंचवटीत माझ्या भावाकडे गेला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढे तिचं पोट वाढत गेलं, तेव्हा चांगलं खायला मिळतंय म्हणून अंगाला लागतंय, असं मी समजून चालले.

एप्रिलमध्ये एका पहाटे पाचला उठले तर तिच्या टॉवेलवर रक्त आणि दोन पिल्लं. अपुऱ्या दिवसांची, अंगठ्याएवढी, अंगावर केस नसलेली, गार पडलेली. खारीक कोपऱ्यात केस फुलवून, पाठीचा कुबड काढून बसली होती. हात लावला तरी हलली नाही. जवळच्या दवाखान्यात नेलं तिथे एक पातळ औषध लिहून मिळालं. घरी येऊन मी तिच्यासाठी दूध कोमट करायला ठेवलं, आणि तेवढ्यात सुचलं म्हणून तुम्हाला फोन केला.

तुमचा पहिला प्रश्न होता, “नर वेगळाच आहे ना?” व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येऊ शकते, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मग तुम्ही औषधाचं नाव विचारलंत, मी वाचून दाखवलं, आणि तुमचा आवाज बदलला. “थांबा. ते पेनिसिलिनच्या घरातलं आहे. यांना तोंडातून ते चालत नाही, आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि विषारी वाढतात. दूधही नको. मी येतो.” मी गॅस बंद केला.

तुम्ही स्वतः औषध दिलं नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. अठ्ठावीस वर्षं औषधनिर्माण महाविद्यालयाच्या प्राणीगृहात, म्हणजे प्रयोगासाठीचे प्राणी ठेवतात तिथे, काढलेला माणूस सहज म्हणाला असता, मला ठाऊक आहे काय द्यायचं. तुम्ही मात्र ससे आणि गिनी पिग नेहमी बघणाऱ्या डॉक्टरांचा नंबर काढलात, रिक्षात माझ्याशेजारी बसलात आणि खोका मांडीवर धरलात. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून आत काही राहिलेलं नाही याची खात्री केली, दुखणं कमी करायचं औषध दिलं आणि तिला चालणारं प्रतिजैविक लिहिलं. त्यांचेही आभार मानायचे आहेत. त्यांनी तिच्या लघवीत पट्टी बुडवली तेव्हा तुम्ही मला हळूच समजावलंत. यांची लघवी एरवी अल्कधर्मी असते. गाभण किंवा नुकत्याच व्यालेल्या मादीनं खाणं सोडलं की शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात विष साठतं आणि लघवी आम्लाकडे झुकते. तिची झुकली नव्हती. “वेळ आहे आपल्याकडे,” एवढंच म्हणालात.

पुढचे नऊ दिवस तुम्ही शिकवलंत तसं केलं. पेलेट, म्हणजे तिच्या खाद्याच्या गोळ्या, कोमट पाण्यात भिजवून लापशीसारखे करायचे. सुई काढलेली एक मिलीची सिरिंज पुढच्या दातांमागच्या फटीतून, बाजूने घालायची. कधीही उताणं करायचं नाही. अर्धा मिली द्यायचा आणि ती चावेपर्यंत थांबायचं, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जातं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दिवसाला साधारण ५० मिली पोटात जाईपर्यंत. यांचं आतडं सतत चालतं लागतं, अर्धा दिवस पोट रिकामं राहिलं तरी घाबरायचं, हे तुमचं वाक्य मी फ्रिजवर लिहून चिकटवलं होतं.

आणि लेंड्या मोजायच्या. पहिल्या रात्री अकरा होत्या, लहान आणि वाळलेल्या. पहाटे तीन वाजता मी तुम्हाला “अकरा” एवढाच मेसेज पाठवला, आणि लगेच उत्तर आलं, “शून्य नाहीत ना. पुढचा घास द्या.” तुम्ही जागे होतात.

वजन ७४० वरून ७०५, मग ६९६. त्या दिवशी मी रडले. चौथीतली लेक माझ्याकडे बघत होती. घरातल्यांनी समजुतीनं सांगितलं की एवढ्याशा जीवासाठी इतकं मनाला लावून घेऊ नकोस. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. तुम्ही काटा पुसलात, वहीत ६९६ लिहिलंत आणि म्हणालात, “नोकरीत रोज यांची वजनं करायचो, ती औषधाची मात्रा काढायला. बरं व्हावं म्हणून कधी कुणाचं वजन केलं नव्हतं.” नंतर बराच वेळ तुम्ही तिच्या कानामागे बोट फिरवत बसलात. त्या वाक्याला काय उत्तर द्यावं ते मला तेव्हा सुचलं नाही, अजूनही सुचत नाही. पण ते तुम्ही आमच्या घरात, माझ्या लेकीसमोर बोललात, याचे आभार.

लेकीला तुम्ही १९०७ सालची गोष्ट सांगितलीत, ती तिनं वर्गात जाऊन सांगितली. नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी गिनी पिगना नुसतं धान्य घातलं आणि त्यांना खलाशांसारखा स्कर्व्ही झाला, कारण आपल्यासारखंच यांच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. तेव्हापासून ढोबळी मिरची चिरायचं काम तिचं. क जीवनसत्त्वाचे थेंब पाण्याच्या बाटलीत टाकले तर लवकर निकामी होतात, म्हणून ते सिरिंजनेच द्यायचे, हेही ती मला आठवण करून देते.

असं का झालं, हे मी तुम्हाला तीनदा विचारलं. गच्चीवरचं ऊन, उपासमार, जागा बदलल्याचा धसका, एखादा जंतुसंसर्ग, काहीही असू शकतं, आणि आता ते शोधून काढता येणार नाही, असं तुम्ही तिन्ही वेळा त्याच शांतपणे सांगितलंत. माझ्या मनात होतं की माझ्याच हातून काहीतरी चुकलं. चौथ्यांदा विचारायची गरज पडली नाही.

पिल्लांना तुम्ही तगरीखाली पुरलंत. खड्डा खोल हवा, मांजरं उकरतात, म्हणून दुसऱ्या दिवशी येऊन वर दगड ठेवलात. तगर फुललीय.

पाचव्या दिवशी तिनं स्वतःहून कोथिंबिरीची एक काडी ओढली. सहाव्या दिवशी रक्त थांबलं. वास येतोय का ते मी तुम्ही सांगितलं तसं रोज बघत होते, आला नाही. नाशिकचं ऊन आता चाळिशीकडे चाललंय, म्हणून तुम्ही आणून दिलेल्या शहाबादी फरशीच्या तुकड्यावर ती दुपारभर पसरलेली असते, बाजूला फडक्यात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली. लसूणघास तुमच्या सांगण्याप्रमाणे बंद केला, आता पुन्हा साधं वाळलेलं गवत. आणि फ्रिजचं दार उघडलं की ती शीळ घालते. गेल्या महिन्यात हा आवाज घरात नव्हता.

वही परत करायची आहे, पण लेकीला ती अजून थोडे दिवस हवी आहे. रविवारी सकाळी या. काटा ओट्यावर काढून ठेवते, वजन तुम्हीच करा.

तुमची,
समोरच्या इमारतीतली, दुसऱ्या मजल्यावरची