पाटल्या परत आणते आहे

मडगाव, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या खेपेला जेवताना आलेला फोन कोणाचा, हे आईने विचारले आणि मी विषय बदलला. तो नव्या वकीलबाईंचा होता. माझ्या घटस्फोटाच्या दाव्यातला वकील मी बदलला आहे, आणि तुम्हाला न विचारता, ठरवून झाल्यावर सांगते आहे, याबद्दल आधी क्षमा मागते.

जुन्या वकिलांच्या कामाविषयी माझी तक्रार नाही. जाच होता तो दर तारखेला ४,००० रुपये देण्याच्या बोलीचा. ११ तारखांपैकी ७ तारखांना काहीच घडले नाही. मिनिटभरात पुढची तारीख पडायची आणि तेवढ्याचे पैसे मोजून, डबासुद्धा न उघडता, मी परतीच्या कदंब बसमध्ये बसायचे. तारखेच्या आदल्या रात्री झोप लागत नसे, ती संसार मोडल्याच्या दुःखाने नव्हे, तर उद्याही पैसे फुकट जाणार या धास्तीने. सल्ल्याचे पैसे वेगळे असल्यामुळे फोनवर शंका अर्धवट विचारायचे आणि उरलेली मनात घोळवत बसायचे. बाबा, आपला पाडेली माडाप्रमाणे मजुरी घेतो, पण तो वर चढला की निदान नारळ तरी खाली पडतात.

आता उरलेले सगळे काम ४५,००० रुपयांत लेखी ठरले आहे: एक हप्ता वकीलपत्र देताना, दुसरा साक्षीपुरावा संपल्यावर, तिसरा युक्तिवादाच्या वेळी, मग तारखा कितीही पडोत. कोर्ट फी आणि पुढे अपील झालेच तर ते वेगळे, हेही लिहून घेतले. फ्लॅटमधल्या माझ्या निम्म्या वाट्यातून टक्का देऊ, असे बाबांनी सुचवले होते; पण निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. कागद अडकतील, ही काळजीही नको. थकलेल्या फीसाठी वकिलाला अशिलाची फाइल अडवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे, आणि माझे तर देणेही नव्हते. फाइल निमूटपणे मिळाली. पुढेमागे हात आखडलाच, तर १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. पगार चालू आहे तोवर ते मागावेसे वाटले नाही, इतकेच.

मी वेळेवर जेवते, सकाळी उकड्या तांदळाची पेज करते, आणि खरे सांगते, गेल्या तारखेआधी सहा तास झोपले.

म्हणूनच आईने साडीच्या घडीत घालून दिलेल्या पाटल्या मी मोडल्या नाहीत. तापात कपाळावर तुझा हात यायचा तेव्हा आधी त्या पाटल्यांचा गारवा लागायचा. त्या सोनाराच्या काट्यावर ठेवणे मला जमले नसते. तुम्ही दिल्यात याचाच मोठा आधार होता, तेव्हा नाकारल्या असे मनात आणू नका.

बाबांनी ठेव मोडायची नाही. रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर, आठवणीने. पोफळींना पाणी सोडायला काळोखात एकट्याने उतरायचे नाही. एक दिवस उशीर झाला तर कुळागर सुकत नाही.

शनिवारी दुपारच्या बसने येते. आई, 'राहू देत तुझ्याकडेच' म्हणू नकोस. तुझ्या हातांना हल्ली सूज असते, तेव्हा साबण तेवढा काढून ठेव. पाटल्या मीच चढवीन.

तुमची,
बाय