‘कागदी’ शिक्षण म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जनावरांच्या साथरोगांवरच्या पदव्युत्तर शिक्षणाबद्दल काल आपण जे छापलंत, ते सकाळी डेअरीत दूध घालून आल्यावर वाचलं आणि दिवसभर डोक्यातून गेलं नाही. दवाखान्यांत डॉक्टर नाहीत आणि इकडे डॉक्टर झालेली पोरं आणखी दोन वर्षं वह्या भरत बसतात, असा त्या मजकुराचा सूर आहे. जागा रिकाम्या आहेत हे खरं, आमच्या दवाखान्यालाही बऱ्याचदा कुलूपच असतं. पण म्हणून ते शिक्षण ‘कागदी’? हा शब्द मला लागला. अशी वही भरणारी एक मुलगी माझ्या खळ्यात बसून गेली आहे.

२०२२ चा ऑगस्ट. लम्पी, म्हणजे गाई-बैलांच्या अंगावर गाठी उठवणारा साथरोग. त्या वर्षीच्या साथीतलं राज्यातलं पहिलं जनावर चिनावलला, म्हणजे आमच्याच रावेर तालुक्यात सापडलं, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्याच महिन्यात माझ्या हरण्या बैलाच्या मानेवर गाठी दिसल्या. आधी दोन-चार, तिसऱ्या दिवशी सुपारीएवढ्या, अंगभर. पुढचे पाय सुजले. बसला की उठेना. ढेप पुढ्यात ठेवली तर नुसता हुंगायचा. आईनं पोळ्यासाठी धुऊन ठेवलेली झूल तशीच घडी राहिली, पोळ्याआधीच बैल गेला. सरकारनं बैलामागे २५,००० रुपये दिले, ते मिळाले. त्याबद्दल काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते त्या सुईबद्दल. हरण्या आजारी असतानाच गावात लस टोचायला माणसं आली. एकच सुई गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. मी म्हटलं, भाऊ, सुई तर बदला. ‘दादा, अजून दीडशे ढोरं राहिलीत,’ एवढंच उत्तर मिळालं. भर पावसात सकाळपासून उभी असलेली माणसं ती, त्यांच्याशी काय भांडणार? पण एका ढोराच्या अंगातला रोग त्याच सुईनं दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकतो, हे त्यांना निघण्यापूर्वी कुणीतरी बजावायला हवं होतं. बजावणारा माणूसच नव्हता. माझा सगळा राग तिथं आहे.

बैल गेल्यावर आठवड्यानं ती मुलगी आली. जनावरांची डॉक्टर झालेली, पुढं साथरोगशास्त्रात एम.व्ही.एस्सी., म्हणजे तेच पदव्युत्तर शिक्षण, करत होती. जवळ औषधाची पेटी नाही, नुसती वही. मी तोडूनच बोललो. ती खाटेवर बसली आणि विचारत राहिली. पहिली गाठ कोणत्या दिवशी दिसली? मला आठवेना. तर म्हणे, राखीच्या आधी की नंतर? आई आतून म्हणाली, राखीच्या दुसऱ्या दिवशी. मग ती उलटी मोजत मागं गेली. लागण झाल्यावर गाठी उठायला आठवडा ते चार आठवडे लागतात, तर त्या दिवसांत खळ्यात नवीन काय आलं? मी ठामपणे सांगितलं, काही नाही, एक वासरूसुद्धा घेतलं नाही. तेव्हा आमचा सालदार हळूच बोलला की एका व्यापाऱ्याच्या दोन गाई एका रात्रीपुरत्या आपल्या लिंबाखाली बांधल्या होत्या. मला त्याचा पत्ताच नव्हता!

तिनं गल्लीचा नकाशा काढला. गोठे, हौद, उकिरडे, आणि आजारी ढोरं जिथं होती तिथं लाल गोल. उकिरडा गोठ्याला लागून होता तिथंच बहुतेक गोल पडले. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड हा रोग नेतात, हे तिनं त्या कागदावर बोट ठेवून दाखवलं. हरण्याच्या अंगावर टाकलेलं गोणपाट आम्ही धुऊन गाईवर टाकत होतो. गळून पडलेल्या खपल्यांत विषाणू महिनाभर टिकतो, म्हणून ते तिनं माझ्यासमोर जाळायला लावलं. आम्ही उकिरडा हलवला, पाण्याची बादली वेगळी केली, संध्याकाळी लिंबाचा धूर सुरू केला. राहिलेल्या चारपैकी एकाच गाईला गाठी आल्या आणि ती वाचली. मी आभार मानले तर म्हणाली, ‘काका, यामुळंच वाचली असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या वेळी आधी काय करायचं ते यातून ठरेल.’

हे कागदी आहे का?

खान्देशाला तर अशी माणसं सगळ्यांत आधी हवीत. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश, आणि बाजाराची जनावरं रोज इकडून तिकडं. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला निघाला, पुढच्याच महिन्यात तो जळगाव जिल्ह्यात आला. २०२१ मध्ये पुन्हा नवापूर. मग लम्पी. माझे आजोबा बुळकांडीचं, गुरांच्या त्या जीवघेण्या साथीचं, नाव घेताना आवाज खाली आणायचे. तो रोग १९९५ नंतर देशात दिसला नाही, २०११ मध्ये जगातूनच गेला. लसीनं आटोक्यात आला हे खरं, पण शेवटी लस थांबवून, गावोगाव फिरून, कुठं एखादं ढोर राहिलं तर नाही ना, हे विचारत हिंडावं लागलं. ते काम इंजेक्शन देणाऱ्याचं नव्हे, विचारणाऱ्याचं. आपण मागणी करायचीच तर अशी करा की शिकून आलेल्यांना टेबलावर न बसवता जिल्ह्यात नेमा आणि लस टोचणाऱ्यांना त्यांच्या हाताखाली दोन दिवस तरी शिकवा.

आणखी एक. २०२२ च्या त्या साथीतच लम्पीच्या गाईचं दूध माणसाला बाधतं का, असं प्रश्नचिन्ह टाकून आपण पहिल्या पानावर मथळा दिला होता. हा रोग माणसाला होत नाही, हे कुठल्याही पशुवैद्यकानं फोनवर सांगितलं असतं. खुलासा चार दिवसांनी आला, आतल्या पानावर, तळाला. तोवर माझं दूध दोनदा परत आलं होतं.

आपला,
एक पशुपालक,
ता. रावेर, जि. जळगाव