मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण सचिवांना खुले पत्र : वाम्पानोआगांचा धडा १६२१ पाशी का थांबतो?

माननीय शिक्षण सचिव यांस,

सप्रेम नमस्कार. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. येथे ते मराठीत देतो आहे, कारण या राज्यातील मराठी पालकांनीही ते वाचावे.

गेल्या नोव्हेंबरात आमची मुलगी शाळेतून आली ती डोक्यावर रंगीत कागदी पिसांचा टोप घालूनच, आणि टोपाच्या पट्टीवर तिने पेन्सिलीने ‘वाम्पानोआग’ असे, म्हणजे या भागातल्या मूळ रहिवाशांचे नाव, लिहिले होते. तसला टोप पश्चिमेकडच्या मैदानी जमातींचा, वाम्पानोआगांचा नव्हे. पण ते एक वेळ सोडून देऊ. जेवताना तिने विचारले, “बाबा, ते लोक कधी संपले?”

धडा इंग्रज वसाहतकरी आणि वाम्पानोआग यांच्या १६२१ च्या मेजवानीपाशी, म्हणजे तथाकथित ‘पहिल्या थँक्सगिव्हिंग’पाशी, थांबत असेल, तर तिला दुसरे काय वाटणार? जिथे १६२० मध्ये इंग्रजांची प्लिमथ वसाहत उभी राहिली ते पटक्सेट हे वाम्पानोआगांचेच गाव होते, आणि १६१६ ते १६१९ च्या साथीने ते ओस पडलेले होते. त्याच गावच्या टिस्क्वान्टमला, म्हणजे वसाहतकऱ्यांचा दुभाषा झालेल्या पुस्तकांतल्या ‘स्क्वान्टो’ला, १६१४ मध्ये पळवून स्पेनमध्ये विकायला नेले होते, तो परतला तेव्हा गावात कोणीच उरले नव्हते. त्याला इंग्रजी कशी येत होती, हे मात्र मुलांना कोणी सांगत नाही.

भाषेची हकिगत तर आठ वर्षांच्या मुलालाही सहज कळेल अशी आहे. धर्मांतरासाठी १६६३ मध्ये याच राज्यातल्या केंब्रिजला वाम्पानोआग भाषेत बायबल छापले गेले. पुढे ती भाषा बोलणारे उरले नाहीत. आणि १९९३ पासून वाम्पानोआग भाषातज्ज्ञ जेसी लिटल डो बेअर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच बायबल, जुनी खरेदीखते आणि मृत्युपत्रे चाळून ती पुन्हा उभी केली. बेअर्ड यांची मुलगी ती जन्मापासून ऐकत वाढली. घराला त्या भाषेत ‘वेटू’ म्हणतात. आठ कोटींहून अधिक लोकांची मराठी मुलीच्या तोंडी राहावी म्हणून दर रविवारी आमची किती ओढाताण होते, ते आम्हालाच ठाऊक!

विनंती एवढीच की, हा धडा ॲक्विना (१९८७) आणि मॅशपी (२००७) या अमेरिकेच्या संघराज्य सरकारने मान्यता दिलेल्या दोन्ही वाम्पानोआग जमातींकडून, त्यांना योग्य मानधन देऊन, तपासून घ्यावा आणि तो आजपर्यंत आणावा. या नोव्हेंबरात आमचा धाकटा त्याच वर्गात असेल.

आपला,
एक पालक