प्रिंटर, आईच्या ओव्या आणि तीन आठवडे

देवरुख,
१२ ऑगस्ट

प्रिय मिलिंद,

तुझे दोन मिस्ड कॉल बघितले, उचलायच्या मनःस्थितीत नव्हतो रे, आणि फोनवर सांगण्यासारखं पण नव्हतं, म्हणून म्हटलं सगळं आटपू दे मग निवांत लिहू. आईची पंचाहत्तरी झाली परवा. नीट झाली. पण त्याआधीचे तीन आठवडे त्या प्रिंटरने जो जीव खाल्लाय तो तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि तुझ्याकडे पण तसलाच इंक टँकवाला आहे म्हणून सांगायलाच हवं.

तुला माहितीये आईला जात्यावरच्या ओव्या किती येतात ते. आजीच्या, तिच्या मावशांच्या, माहेरच्या गावच्या, सगळ्या डोक्यात. गेल्या दिवाळीपासून तिला बोलायला लावून मी टाइप करत होतो, पंचाहत्तरीला सगळ्या भाच्या-पुतण्यांच्या हातात एकेक पुस्तिका द्यायची असं ठरवलेलं. ४४ पानं, १५ प्रती. अक्षर मोठं, तिचं तिला चष्मा लावून वाचता यावं एवढं. तू म्हणशील झेरॉक्सवाल्याकडे का नाही टाकलंस. अरे ती स्क्रीनवर वाचत नाही ना! कागद हातात घेतल्याशिवाय तिला चूक दिसत नाही, आणि प्रत्येक कागदावर पेन्सिलीने काहीतरी बदल असतोच, ही ओळ अशी नाही, इथे "माझ्या" नाही "माज्या" आहे, आम्ही असंच म्हणायचो. बरोबरच आहे तिचं. तेव्हा रोज चार-पाच पानं काढायची, तिने बघायची, परत काढायची, हे घरच्या प्रिंटरशिवाय होणारच नव्हतं.

जुलैत एका संध्याकाळी पान अर्धं बाहेर आलेलं आणि लाइट गेली. तुला इकडची सवय ठाऊक आहे, लाइट येताना हाय व्होल्टेजने येते, आमचा एक टीव्ही गेलाय त्यात, म्हणून लाइट गेली की आधी सगळ्या पिना काढायच्या. काढल्या. अडकलेला कागद ओढून काढला. वायरवर झाड पडलेलं त्यामुळे तीन दिवस लाइटच नाही, मग चिपळूणला मावशीकडे जावं लागलं, असे आठ दिवस गेले. परत येऊन प्रिंट दिली तर काळ्या अक्षरात आडव्या पांढऱ्या रेघा, वेलांट्या गायब, अनुस्वार गायब. आईने कागद हातात घेतला, बघितला, आणि काही न बोलता घडी करून ठेवला. ते मला फार लागलं.

मग सुरू झालं. नोझल चेकचं पान काढलं (नोझल म्हणजे शाई येते ती बारीक छिद्रं), काळ्याच्या जाळीतल्या निम्म्या रेघा तुटलेल्या. हेड क्लीनिंग, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागाची सफाई, केली, एकदा, दोनदा, तीनदा, मग सहा तास थांबून परत, नऊ वेळा झालं असेल, शेवटी त्याहून जोरदार असतं ते पॉवर क्लीनिंग पण. फरक शून्य, आणि टाकीतली शाई बोटभर खाली. त्यात मधेच कंप्युटर "प्रिंटर ऑफलाइन" म्हणायला लागला कारण ब्रॉडबँडवाला नवीन राउटर बसवून गेलेला, आपला प्रिंटर वाय-फायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झच पकडतो आणि तो मिळेना, म्हणून सरळ यूएसबीची वायर लावली. रांगेत एक जुनी प्रिंट अडकून बसलेली, डिलीट पण होईना. ते कसं काढायचं माहीत असू दे, विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (प्रिंट्सची रांग सांभाळतो तो) थांबवायचा, विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या स्पूल फोल्डरात प्रिंटर्स नावाचं फोल्डर असतं त्याच्या आतल्या फाइली उडवायच्या, फोल्डर नाही हां, आतल्या फाइली, आणि स्पूलर परत चालू. पाच मिनिटांचं काम.

पण रेघा तशाच.

आता कस्टमर केअर. वॉरंटीचे दोन महिने शिल्लक होते म्हणून मी निर्धास्त होतो. घाईघाईत गुगलवर नंबर शोधला, पहिला दिसला तो लावला, माणूस एकदम गोड बोलला, सर उद्याच इंजिनिअर येईल, फक्त १० रुपये रजिस्ट्रेशन भरा आणि मी पाठवतो ते अॅप घ्या म्हणजे मला तुमची स्क्रीन दिसेल. मिलिंद, माझं बोट इन्स्टॉलवर होतं. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, शाई अडकलीये ती फोनवरून त्याला कशी दिसणार? मी फोन ठेवला. हात थरथरत होते. त्या खात्यात तिच्या पेन्शनचे पैसे आहेत. पैसे गेले नाहीत म्हणून वाचलो, गेले असते तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा असतो, जेवढा लवकर तेवढी आशा. नंबर नेहमी बिलावरचा किंवा बॉक्सवरचा घे, गुगलवर शोधूच नकोस, हे काकांना पण सांग.

मग बॉक्सवरचा नंबर लावला. हिंदीसाठी दोन दाबा, मग गाणं, बावीस मिनिटं गाणं. मुलगी सभ्य होती, तिची तक्रार नाही. पण तिच्यासमोर प्रश्नांची यादी, त्या यादीबाहेर ती जाऊ शकत नव्हती. क्लीनिंग केलं का, केलं. परत करा. नऊ वेळा केलंय. सर एकदा माझ्यासमोर करा. केलं, दहावं. ड्रायव्हर, म्हणजे कंप्युटरमधलं प्रिंटर चालवायचं सॉफ्टवेअर, काढून परत टाका. अहो ताई, प्रिंटरचं स्वतःचं नोझल चेकचं पान मी कंप्युटर न लावता त्याच्या बटणावरून काढतोय, त्यातच रेघा तुटल्यात, ड्रायव्हरचा संबंधच काय? तरी टाकायला लावला. शेवटी कंप्लेंट नंबर मिळाला, ४८ तासांत व्हिजिट. चौथ्या दिवशी मेसेज आला, "ग्राहक उपलब्ध नसल्याने तक्रार बंद." आम्ही चारही दिवस घरात होतो रे! आई तर उंबऱ्याबाहेर गेली नाही. परत फोन केला तर दुसराच माणूस, सगळं पहिल्यापासून, आणि तो म्हणे हेड सुकलं असेल तर वॉरंटीत बसत नाही, नवीन हेडचे साडेचार हजार तयार ठेवा. न बघता, न उघडता.

त्या रात्री मी खरंच रडकुंडीला आलो. पंचाहत्तरी आठ दिवसांवर.

सकाळी १९१५ लावला, केंद्र सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीतून बोलता आलं हीच मोठी गोष्ट. बिलाची तारीख, कंप्लेंट नंबर, तो "उपलब्ध नसल्याने"चा मेसेज, सगळं दिलं. ते कोर्टासारखा निकाल देत नाहीत, तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागतात, त्याने नाही भागलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं. तिथवर जायची वेळ आली नाही. तिसऱ्या दिवशी कंपनीकडून फोन, आणि पाचव्या दिवशी भर पावसात बाइकवरून रत्नागिरीहून इंजिनिअर हजर, रेनकोटमधून पाणी गळतंय. आईने आधी टॉवेल दिला मग चहा.

पन्नाशीचा माणूस असेल. त्याने प्रिंटरला हात लावायच्या आधी एकच विचारलं, "बंद कसा करता तुम्ही हा?" मी म्हटलं बोर्डावरून, किंवा पिन काढून. त्याने मान हलवली आणि मला खाली बसवून सगळं दाखवलं. काम झालं की हेड उजव्या टोकाला जाऊन एका रबरी टोपीवर बसतं, त्या टोपीमुळे नोझल्सना हवा लागत नाही, शाई ओली राहते. प्रिंटरच्या बटणाने बंद केला तरच तो आधी हेड टोपीवर ठेवतो आणि मग बंद होतो. प्रिंट चालू असताना लाइट गेली तेव्हा हेड मधल्यामध्ये उघडं राहिलं, आणि पिन काढलेलीच, म्हणून आठ दिवस तसंच. आणि क्लीनिंगचा उपयोग का होत नव्हता तर ती टोपी आणि खालचा पंप मिळूनच शाई ओढून घेतात, टोपीच्या कडेवर शाईचा थर वाळलेला, ती घट्ट बसतच नव्हती, मग ओढणार काय? ओढलेली शाई खाली स्पंजमध्ये जाते, त्याचा हिशोब प्रिंटर ठेवतो, आणि तो स्पंज भरला की प्रिंटर चालायचंच बंद करतो. म्हणजे मी दहा वेळा क्लीनिंग करून शाई तर घालवलीच, स्पंजचं आयुष्य पण कमी केलं.

त्याने टोपी क्लीनिंगच्या पाण्याने भिजवून पुसली, परत थोडं पाणी टोपीत टाकलं, हेड त्यावर ठेवलं आणि म्हणाला, आता सकाळपर्यंत हात लावू नका. हेड बदलायचं नावसुद्धा काढलं नाही. सकाळी एक क्लीनिंग, नोझल चेक, सगळ्या रेघा सलग. मी ते पान आईला नेऊन दाखवलं, नुसत्या जाळ्या असतात त्यावर, तरी ती किती वेळ बघत होती.

दोन फोन, तासन् तास, आणि "बंद कसा करता" हे एकानेही विचारलं नाही. माझा राग त्या पोरीवर नाही, तिला जे वाचायला दिलंय ते ती वाचते. ती यादी ज्याने केली त्याने प्रिंटर वापरणाऱ्या घरात एक पावसाळा काढलेला नाही, एवढं मात्र नक्की.

तू आता काय करायचं ते नीट ऐक. प्रिंटर बटणाने बंद करायचा, दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबायचं, मगच पिन. मधेच लाइट गेली तर पिन काढ हवी तर, पण लाइट आल्यावर एकदा चालू करून बटणाने बंद कर, तो हेड जागेवर नेऊन ठेवतो. आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा. आणि कागद उघडा ठेवू नकोस, दमट कागद एकाला एक चिकटून दोन-दोन जातात, आमचं रिम आता तांदळाच्या रिकाम्या डब्यात असतं घट्ट झाकण लावून.

६६० बाजू तीन दिवसांत काढल्या, मधे मधे विश्रांती देत. शेवटच्या रात्री मी छापत होतो आणि आई पानं लावत होती, लावता लावता गुणगुणत होती.

तुझी प्रत वेगळी ठेवलीये, सोमवारी पोस्टात टाकतो. पान १७ वर तुझ्या आजीने सांगितलेली ओवी आहे, खाली तिचं नाव घातलंय. आईला दुसऱ्या ओळीतल्या एका शब्दाची खात्री नाही, काकूंना वाचून दाखव आणि चुकलं असेल तर कळव, ते पान परत काढून पाठवीन.

तुझा,
अव्या